दिवस मावळायच्या आतलं ताट

जयपूरला बदली होऊन आले त्या वर्षी, शीतलाष्टमीच्या सकाळी, तळमजल्यावरच्या मॅडमजींनी माझ्याकडे थंडगार जेवण पाठवलं. बाजरीची कालची भाकरी, ताकात शिजवलेल्या पिठाची राबडी, गोड पुए आणि गार भात. मी सांगली जिल्ह्यातली. आमच्याकडे शेजारणीला कोणी आदल्या दिवशीची भाकरी देत नाही. मी ताट हातात घेऊन दारातच उभी राहिले आणि माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मॅडमजींनी वाचलं. त्या शाळेत गणित शिकवतात, चेहरे वाचायची त्यांना सवय आहे.

"आज बासोडा आहे," त्या म्हणाल्या. "आज आमच्याकडे चूल पेटवत नाहीत. सगळं काल करून ठेवायचं आणि आज नुसतं खायचं. तुम्हीपण आज काही करू नका."

त्या संध्याकाळी बँकेतून घरी आले आणि खांद्यावरची पर्स न काढताच नेहमीसारखी स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर सगळं झाकून ठेवलेलं होतं. करण्यासारखं काही नव्हतं. मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले, तर मॅडमजी पायरीवर बसल्या होत्या आणि तिसऱ्या मजल्यावरची पुण्याची मुलगी आपल्या लेकाला कडेवर घेऊन कठड्याला टेकली होती. ती एका संगणक कंपनीत काम करते, बरंचसं घरूनच. शेजारी राहून इतके महिने झाले होते, पण आम्ही तिघी संध्याकाळी एका जागी अशा कधी दिसलो नव्हतो. दिसणार कशा? त्या वेळी तिघी तीन ओट्यांसमोर उभ्या असायच्या.

"आठवड्यातून एक तरी बासोडा पाहिजे," पुण्याची मुलगी म्हणाली.

ती सहज बोलून गेली, पण मला अशा वाक्याचा हिशेब मांडल्याशिवाय झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी मी दोघींना सांगितलं, की एक नाही, तीन दिवसांतले दोन मिळतील. एका संध्याकाळी एकाच घरात गॅस पेटेल, तिन्ही घरांचं जेवण तिथेच शिजेल. बाकीच्या दोघींनी डबे घेऊन यायचं आणि भरून न्यायचे. अकरा माणसांचा स्वयंपाक करायला चार माणसांच्या तिप्पट वेळ लागत नाही, दीडपटच लागतो. पुण्याच्या मुलीचा मुलगा दोन वर्षांचा, तो मी अर्धा धरला होता. यावर ती म्हणाली, "ताई, तो वरण तुमच्या नवऱ्याइतकंच खातो, पूर्ण धरा."

आम्ही या व्यवस्थेला बासोडाच म्हणायला लागलो. खरा बासोडा वर्षातून एकदाच असतो आणि त्याची देवी वेगळी. मॅडमजींनी तेवढं बजावून ठेवलं, पण नाव चालू दिलं.

सुरुवातीला गमती झाल्या. माझी चिंचगुळाची आमटी चाखून मॅडमजींच्या थोरल्या मुलाने विचारलं, "दाल में चीनी किसने डाली?" माझ्या नवऱ्याला त्यांच्या गट्ट्याच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, भाजीत भाजी कुठे आहे ते सापडेना. पण महिन्याभरात सगळ्यांची तोंडं सरावली. नवरे काय करत होते असं कोणी विचारेल म्हणून लिहून ठेवते. ते भांडी घासत होते. तिन्ही घरांची मोठी पातेली ज्या घरी स्वयंपाक त्या घरच्या नवऱ्याने घासायची हा नियम पहिल्याच आठवड्यात ठरला, आणि तो माझ्या नवऱ्याने स्वतः सुचवला होता.

हे सगळं सांगायचं ते माझ्या समोरच्या दारासाठी.

समोरच्या घरात एक जैन कुटुंब राहतं. नवरा, बायको, तिसरीतली मुलगी आणि नवऱ्याची आई. सगळी इमारत त्या आईंना मांजी म्हणते. सून चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, जोहरी बाजारामागच्या एका गल्लीत पाचू निवडायचं काम करते. पांढऱ्या कागदावर बारके बारके दगड पसरायचे आणि रंगावरून त्यांच्या राशी पाडायच्या. तिने एकदा मला नेऊन दाखवलं होतं. माझ्या डोळ्यांना सगळे हिरवे. तिने त्यातून पाच वेगवेगळे हिरवे रंग काढले आणि मला विचारलं, "आता दिसतं?" मी खरं ते सांगितलं, की दिसत नाही. हे काम दिव्याखाली करत नाहीत. दिव्याचा उजेड रंग बदलतो. उत्तरेकडच्या खिडकीशी, उन्हाच्या नव्हे तर आकाशाच्या उजेडात बसावं लागतं. त्या पेढीतल्या निवडीच्या टेबलावर बसणारी ती पहिली बाई. दिवाळीनंतर ते टेबल तिच्या हाताखाली द्यायचं तिच्या सेठजींच्या मनात होतं. हे तिने आम्हाला कधी सांगितलं नाही, तिच्या नवऱ्याने जिन्यात माझ्या नवऱ्याला सांगितलं.

ती आमच्या बासोड्यात नव्हती. "आमच्याकडे नाही चालणार, दीदी," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा, गाजर, मुळा, जमिनीखालचं काहीच नाही. शिवाय मांजी दिवस मावळल्यावर अन्न घेत नाहीत, बाराही महिने. ती तेव्हा काही अडचणीत नव्हती, कारण मांजी स्वतःच स्वयंपाक करत होत्या.

पण ती आमच्यात होती. तिचं काम साडेदहाला सुरू होतं, म्हणून इमारतीतली शाळेची मुलं सकाळी बसपर्यंत तीच न्यायची. माझी मुलगी आठवीत, तिला कोणी न्यायची गरज नव्हती, पण तीसुद्धा त्यांच्याबरोबर जायची कारण ही बाई रस्त्यात मुलांना गाड्यांच्या रंगांची वेगवेगळी नावं सांगायची. मॅडमजींची शाळा सातची. त्यांचा धाकटा मुलगा तिने दोन वर्षं बसमध्ये बसवला. एकदाही मॅडमजींना फोन करून "आज जमणार नाही" असं सांगितलं नाही. मी बँकेतली असल्यामुळे कोणाचं कोणाकडे किती ते आपोआप मनात मांडलं जातं. पण या एका बाबतीत मी मांडणी सोडून दिली, कारण तिची बाजू कायम जास्तच भरायची.

पुढे एका फाल्गुनात मांजी न्हाणीघरात पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटांत जोर येईना. लाटणं धरता येईना, कुकरचं झाकण फिरवता येईना. सुनेने स्वयंपाकाची बाई शोधली. आमच्या मानसरोवर वसाहतीत सगळ्या बायांना संध्याकाळी सातची घरं असतात. पाचला येणारी कोणी मिळेना, आणि जी एक मिळाली ती दोन आठवड्यांत गावी गेली.

मग काय होत होतं ते आम्हाला माझ्या मुलीकडून कळलं. समोरची मुलगी दुपारी आमच्याकडे गृहपाठाला बसते. एका संध्याकाळी माझी लेक म्हणाली, "आई, मतलब, दादी आज पण नाही जेवल्या. ती म्हणते, दादी रोज सांगतात पेट भारी आहे, पण पेट भारी नसतं."

सुनेला घरी यायला साडेसात व्हायचे, तिच्या नवऱ्याला त्याहून उशीर. उजेड असेपर्यंत टेबलावरून उठता येत नाही, मग दगड मोजून तिजोरीत जातात, मग बडी चौपडला मेट्रो आणि आमच्या स्टेशनपासून पळत घर. मी तिला गॅलरीतून पाहिलं आहे. एका हातात चपलेचा तुटलेला पट्टा धरूनही ती पळत आलेली पाहिली आहे. तोवर दिवस मावळलेला. मांजी सकाळचं काही उरलं असेल तर गारच खायच्या, नाहीतर पोट जड आहे सांगून पाणीही न घेता बसायच्या. सुनेला वाईट वाटू नये म्हणून त्या हे लपवत होत्या. आणि सुनेला ते कळल्याचं सून लपवत होती.

आषाढ जवळ आला तेव्हा ती माझ्याकडे आली आणि दारातच म्हणाली, "दीदी, मी काम सोडते आहे. चौमासा लागायच्या आत."

"सेठजींना सांगितलंस?"

"नाही. पण सांगेन. एक म्हातारं माणूस माझ्या पगारासाठी उपाशी राहतं, दीदी. मला टेबलावर बसून फक्त खिडकी दिसते. उजेड कमी झाला की माझ्या कामाला वाईट आणि मम्मीजींच्या जेवणालाही वाईट."

मी तिला आत बसवलं. चहा ती घेत नाही, म्हणून पाणी दिलं. ती रडली नाही. फक्त डाव्या हाताच्या नखांनी टेबलावरचे पोह्याचे चार कण रंगाप्रमाणे वेगळे करत बसली. भाजलेले एकीकडे, पांढरे एकीकडे. मला वाटतं तिच्या लक्षातही आलं नसेल.

त्या रविवारी आम्ही तिघी मॅडमजींच्या घरी बसलो. प्रश्न मी त्यांच्यापुढे साधा करून ठेवला. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत एक माणूस जेवायला बसलं पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: डाळभाजी आणि गरम फुलके. डाळभाजी सकाळी केलेली चालते, त्याच दिवसाची असली म्हणजे झालं. फुलके मात्र त्या वेळी कोणीतरी लाटायला हवेत. डाळभाजी मी सकाळी करू शकते, मॅडमजी दुपारी करू शकतात. संध्याकाळी पाचनंतर घरी कोण असतं? मॅडमजी असतात, आणि पुण्याची मुलगी असते पण तिच्या कानाला फोन असतो.

"फोन कानाला असतो, हाताला नाही," ती म्हणाली. "माझ्या मीटिंगमध्ये अर्धा वेळ मी आवाज बंद करूनच बसलेली असते. फुलके मी लाटते."

"आणि कांदालसूण?" मॅडमजींनी विचारलं. "दोन प्रकार करायचे? वेगळी भांडी?"

मी म्हटलं, "दोन प्रकार केले की एक दिवस घाईत चमचा इकडचा तिकडे जाणार. सगळ्यांनीच सोडायचं. सोमवार ते शुक्रवार चारही घरांत एकच स्वयंपाक, मांजींच्या नियमाचा."

पुण्याच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमच्या घरी ठेच्याशिवाय पान हलत नाही."

"शनिवारी हलेल."

समोरची सून सुरुवातीला ऐकेना. म्हणाली, तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी जेवण का बदलायचं? मॅडमजींनी तिला गप्प केलं. "दोन वर्षं माझा मुलगा तू बसमध्ये बसवलास. तेव्हा मी विचारलं का, का म्हणून? जा, मम्मीजींना विचारून ये." ती विचारून आली. मांजी म्हणाल्या होत्या, बघू.

या "बघू"चा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. मला वाटलं, झालं ठरलं.

पहिला दिवस मी मागून घेतला. तयारी मी माझ्या पद्धतीने केली. काय चालतं आणि काय नाही ते सुनेकडून नीट विचारून घेतलं. ओलं आलं नाही, सुंठ चालते. चौमासात पालेभाजी नाही. वांगं नाही. पाणी गाळलेलं. नवं फडकं आणलं, कुकर घासून पुन्हा घासला. नेहमीप्रमाणे पाच वाजायच्या आत उठले, मुगाची डाळ आणि दुधीची भाजी केली, सव्वापाचला गॅस बंद केला आणि डबे भरून समोरच्या दारात ठेवले. चुकलं असेल असं काहीच मला दिसत नव्हतं.

संध्याकाळी बँक सुटल्याबरोबर स्कूटर काढली. शाखा जवळच आहे, सहाला समोरच्या घरात होते. पुण्याची मुलगी कानाला फोन लावून फुलके लाटत होती आणि फोनमध्ये कोणालातरी इंग्रजीत "हो, हो, उद्यापर्यंत" म्हणत होती. मॅडमजी गॅसवर फुलके फुगवत होत्या. खिडकीतून पुरेसं ऊन येत होतं. मांजी पाटावर बसल्या, ताट समोर आलं. त्यांनी हात जोडले, वाटीकडे पाहिलं आणि मला विचारलं,

"कितने बजे बनाया, बेटा?"

मॅडमजी चटकन म्हणाल्या, "सुबह, मांजी. एकदम ताजा."

मांजी माझ्याकडेच पाहत होत्या. मी म्हटलं, "सव्वापाचपर्यंत झालं होतं."

"सूरज?"

"नव्हता उगवला. थोडा वेळ होता."

मॅडमजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्या वर्गात असते तर बाहेर काढली असती. मांजी रागावल्या नाहीत. दोन्ही वाट्या त्यांनी हळूच ताटाबाहेर ठेवल्या आणि म्हणाल्या, "अंधारात केलेलं मी घेत नाही, बेटा. तुझा दोष नाही. तुला कोणी सांगितलं नसेल." खरंच सांगितलं नव्हतं. सुनेच्या घरी सकाळी सातच्या आत कधी गॅस पेटतच नाही, त्यामुळे सांगायची गोष्ट आहे हेच तिला सुचलं नव्हतं. आणि सगळं सकाळी लवकर उरकायचं ही माझी सांगलीपासूनची खोड.

त्या तूपसाखर लावून दोन फुलके जेवल्या आणि उठल्या.

जिन्यात आल्यावर पुण्याच्या मुलीने कानातला फोन काढला. "ताई, तुम्ही जेवायला घालायला गेला होतात की ऑडिटला?"

"विचारलं, तर सांगितलं."

"सुबह म्हटलं की झालं असतं. सव्वापाच म्हणजे सकाळच असते."

"माझ्यासाठी असते. त्यांच्यासाठी नसते. आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं होतं."

मॅडमजी तडक जिना उतरायला लागल्या. मला वाटतं, त्या माझ्यावर चिडल्या होत्या आणि मी बरोबर आहे हेही त्यांना पटत होतं. त्यांना दोन्ही एकदम सहन होत नाही.

साडेसातला सून पळत आली. दारातच तिला भरलेल्या वाट्या दिसल्या. नंतर माझ्याकडे येऊन फक्त म्हणाली, "दीदी, तुम्ही सगळ्यांनी खूप केलं. उद्या सेठजींशी बोलते." मी काहीतरी समजावायला गेले, तर तिने मान हलवली. "नाही. मला ठाऊक होतं. माझ्या घरचे नियम माझ्याच हातून पाळले जातील."

ते वाक्य मला लागलं. नियम मोडला होता तो माझ्या हातून, आणि नोकरी जाणार होती तिची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. तेव्हा दाराची बेल वाजली. दार उघडलं तर मांजी. डाव्या हातात काठी, उजवा हात पदराखाली. आमच्या इमारतीत त्यांना स्वतःच्या उंबऱ्याबाहेर एकट्या आलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. मागे जिन्याच्या खिडकीत ऊन आलं होतं.

"उग आया," त्या म्हणाल्या. "अब चढ़ाओ कुकर."

मला क्षणभर कळलं नाही. त्या आत आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसल्या.

"मांजी, आज मॅडमजींची पाळी आहे."

"त्यांना उद्या दे. आज तू कर. काल तुझं खाल्लं नाही ना मी." मग काठी भिंतीला टेकवून म्हणाल्या, "बघ बेटा, सगळे म्हणतात, मांजी, कांदा नाही घातला, मांजी, बटाटा नाही. मला कसं कळणार? मी काय वाटीत डोकं घालून शोधू? म्हणून मी कोणाच्या घरचं घेत नाही. पण काल तू माझं तोंड पाहून खोटं बोलली असतीस तर मी खाल्लं असतं. नाही बोललीस. आता मला विचारायला नको. तू देशील ते मी खाईन."

मी कुकर चढवला. समोरच्या दारात सून उभी होती, पाठीवर पर्स, मुलं खाली बसकडे जायला तिची वाट पाहत होती. मांजींनी तिच्याकडे न वळताच तिला सांगितलं, "आणि तू काय उभी आहेस? मुलांची बस जाईल. आणि सेठजींना काही बोलायचं नाही. माझं जेवण इथे शिजतंय."

ती गेली. जिन्यात तिने मुलांना नेहमीपेक्षा मोठ्याने हाका मारल्या.

तेव्हापासून चार महिने ते चाललं, आणि चौमासा संपल्यावरही थांबलं नाही. सोमवारी आणि गुरुवारी मी, मंगळवारी आणि शुक्रवारी मॅडमजी, बुधवारी पुण्याची मुलगी. ती स्वयंपाकात नवखी होती. तिच्या पहिल्या बुधवारी चारही घरांनी बेसनाची एकच एक गोष्ट खाल्ली, जिला तिने आजवर नाव दिलेलं नाही. माझ्या मुलीने तिला "मतलब, पिठलं" असं म्हणून पाहिलं, पण पुण्याच्या मुलीलाच ते मान्य झालं नाही. फुलके मॅडमजी आणि ती मिळून. संध्याकाळी मांजींच्या स्वयंपाकघरात दोन बायका, एक फोन आणि ओट्याखाली खेळणारा एक मुलगा असा थाट असायचा. शनिवारी मांजींचा मुलगा घरी असतो, तो खिचडी करतो; रविवारी सून असते. आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या तीन घरांतून जिन्यात कांदा परतल्याचा असा वास सुटतो की दुधवाल्याने एकदा विचारलं, आज काही कार्यक्रम आहे का.

मांजींनीही आपली पाळी मागून घेतली. लाटणं धरवत नव्हतं, पण डाळ निवडता येत होती. चारही घरांची डाळ, तांदूळ, गहू महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्याकडे जातात. त्या गॅलरीत, उजेडाकडे तोंड करून, थाळीत डाव्या हाताने निवडत बसतात. त्या निवडलेल्या डाळीत आजवर मला एकही खडा मिळालेला नाही, आणि मी पाहते. सुनेला मी एकदा म्हटलं की तुझ्या घरात निवडायचं काम रक्तातच असावं. ती म्हणाली, "माझ्या नाही, दीदी, मी तर सून आहे." मग हसली. "मम्मीजींनी उचललं माझ्याकडून."

उन्हाळ्यात सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो. आश्विनापासून तो रोज थोडा थोडा अलीकडे येतो आणि कार्तिकात पावणेसहाला जातो. आमची फुलक्यांची वेळही त्याच्यामागे सरकत राहिली. पुण्याच्या मुलीने आपल्या कंपनीतल्या लोकांना सांगून ठेवलं की दिवाळीच्या सुमारास तिच्या मीटिंगा पाचला नकोत. कारण काय सांगितलंस, असं मी विचारलं. "खरं सांगितलं," ती म्हणाली. "तुमच्या संगतीचा परिणाम. म्हटलं, शेजारच्या आजींना सूर्यास्ताआधी जेवायला घालायचं असतं. त्यांना वाटलं मी विनोद करते आहे. पण वेळ बदलली."

मला अभिमान वाटतो. कोणी विचारलं की जयपूरमध्ये काय कमावलंस, तर मी हेच सांगते. पदोन्नती मिळाली ती मिळणारच होती, तिची पाळी आली होती. पण वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या पाळ्यांच्या, सतत घाईतल्या चार बायकांनी एका म्हाताऱ्या बाईला दिवस मावळायच्या आत रोज गरम जेवायला घातलं, आणि त्यातल्या एकीची खिडकीजवळची जागा शाबूत राहिली, हे कोणाच्या पाळीने आलेलं नाही. ते आम्ही केलं.

दिवाळीनंतर निवडीचं टेबल तिच्या हाताखाली आलं. हेही तिने सांगितलं नाही. त्या दिवशी मी बँकेतून लवकर आले होते आणि मांजींजवळ गॅलरीत बसले होते. त्या जेवून उठल्या होत्या, ताट पुसून ठेवलेलं होतं. बाहेर अंधारलं होतं, रस्त्यावरचे दिवे लागले होते. नेहमीच्या वेळेला ती कोपऱ्यावर दिसली नाही. बऱ्याच वेळाने दिसली. ती चालत येत होती. हातात पेरूंची पिशवी होती आणि रस्त्याकडेच्या एका हातगाडीपाशी थांबून ती आणखी काहीतरी पाहत होती. इतक्या वर्षांत संध्याकाळी तिला कुठे थांबलेली मी कधी पाहिली नव्हती.

वर आल्यावर मांजी म्हणाल्या, "आज मेट्रो उशिरा होती का?"

"नाही मम्मीजी. मी स्टेशनपासून चालत आले." तिने पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. "सेठजींनी आज टेबल दिलं."

मांजींनी एक पेरू काढला, डाव्या हाताने चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. दिवस मावळला होता, त्या तो उद्या खाणार होत्या.

"चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "पळत आली असतीस तर दबले असते."